बॅकअपची मंदगती : गैरसमज आणि वस्तुस्थिती

संगणकातील दप्तराची दुसरी प्रत बाह्य हार्ड डिस्कवर उतरवून ठेवणे हे दूरदृष्टीचे काम खरे. परंतु उरलेल्या वेळेचा पडद्यावरचा आकडा उतरण्याऐवजी चढू लागला की जो तो आपल्या तर्काप्रमाणे कोणाला तरी गुन्हेगार ठरवून मोकळा होतो. त्यांतील चार रूढ तर्क येथे तपासू.

गैरसमज : खोक्यावर ‘५ गिगाबिट’ छापले आहे, डिस्क त्याच वेगाने चालली पाहिजे.

वस्तुस्थिती : हा आकडा २००८ साली आलेल्या यूएसबी ३.० या जोडणीच्या कमाल क्षमतेचा आहे, डिस्कच्या नव्हे. जोडणीतून सेकंदाला सुमारे ५०० मेगाबाइट जाऊ शकत असले, तरी फिरत्या तबकडीची सामान्य डिस्क सलग लेखनातही शंभर-सव्वाशे मेगाबाइटांच्या आसपासच राहते. तीच डिस्क यूएसबी २.० च्या जुन्या केबलने जोडली, तर मात्र जोडणीच अडसर ठरून वेग तीस-चाळीस मेगाबाइटांवर येतो.

गैरसमज : एक गिगाबाइट तो एक गिगाबाइटच, फाइली किती, याला महत्त्व नाही.

वस्तुस्थिती : मंदगतीचे मुख्य कारण बहुधा येथेच असते. वजन तेवढेच असले, तरी बारनिशीच्या कारकुनाला एक जाड बाड दाखल करून घेणे आणि लाख सुटे कागद एकेक नोंदवणे ही कामे सारखी नसतात. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या तबकडीचा एक फेरा सुमारे ११ मिलिसेकंदांचा. त्यात हेड योग्य जागी सरकण्याचा अवधी मिळवून प्रत्येक फाइलीमागे १५ मिलिसेकंदांचा एकच खोळंबा धरला, तरी लाख फाइलींना २५ मिनिटे लागतात. तेवढ्याच आकाराची एकच चित्रफीत दहा सेकंदांत उतरते.

गैरसमज : पहिल्या बॅकअपला रात्र गेली; आता दर खेपेस तितकाच वेळ जाणार.

वस्तुस्थिती : पहिल्या खेपेस सर्व मजकूर जातो, पुढे केवळ बदललेला. शिवाय ॲपलच्या २००७ सालच्या टाइम मशीनसारखी बॅकअप-व्यवस्था, वापरणाऱ्याच्या चालू कामात व्यत्यय नको म्हणून, स्वतःकडे हेतुतः दुय्यम स्थान घेते; पहिली खेप लांबते ती त्यामुळेही.

गैरसमज : आरंभी वेगाने चालून मध्येच मंदावली, म्हणजे डिस्क बिघडली.

वस्तुस्थिती : स्वस्त व मोठ्या धारणेच्या अनेक डिस्कांत लेखनाचे पट्टे एकमेकांवर अंशतः चढवलेले असतात, आरंभीचा मजकूर राखीव जागेत झपाट्याने जातो, पण ती भरली की थोड्या बदलासाठीही पट्ट्यांचा संपूर्ण गट पुन्हा लिहावा लागतो. मात्र टकटक आवाज येत असेल किंवा लेखनात वारंवार चुका होत असतील, तर डिस्कवर विसंबू नये.

तेव्हा नवी डिस्क खरेदी करण्यापूर्वी पोर्ट व केबल पाहावी, असंख्य बारीक फाइलींचा बनलेला ब्राउझरचा तात्पुरता साठा बॅकअपमधून वगळावा आणि पहिली खेप रात्री लावून, अधेमध्ये न तोडता, पूर्ण होऊ द्यावी.