ठिपका दिसतो, नेम लागत नाही

सुरतेतल्या गोडादरा, लिंबायत, डिंडोली, उधना या पट्ट्यात फिरताना आपण गुजरातेत आहोत की धुळ्यात, असा प्रश्न पडावा इतकी खानदेशी कानावर येते. सुरत-भुसावळ लोहमार्गाने आलेली धुळे, नंदुरबार, जळगावकडची कुटुंबं इथल्या साडीच्या आणि कापडाच्या धंद्यात कधीच रुळली आहेत. अशा वस्तीत नेमबाजी पोचते ती मोबाइलवरून. ऑगस्ट २०२४मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं ब्राँझ जिंकलं, ते याच पडद्यावर दिसलं. आणि त्याच पडद्यावर पुढची चित्रफीत सरकते ती अमेरिकेतल्या कुठल्या तरी रेंजची. तळहातात मावणारं पिस्तूल, त्याच्या नळीखालून निघालेला लाल ठिपका, समोर कागदी माणूस. ठिपका छातीवर ठेवला, चाप ओढला, झालं!

रेंजवर प्रत्यक्ष उभं राहिलेल्या माणसाला मात्र हा ठिपका वेगळंच काही सांगतो.

पिस्तुलावर लेझर बसवण्याची कल्पना १९७०च्या दशकाअखेरची. तेव्हाचा लेझर हेलियम-निऑन वायूच्या नळीचा, पिस्तुलापेक्षाही बोजड. १९८४च्या ‘टर्मिनेटर’मध्ये अर्नोल्ड श्वार्झनेगरच्या हातात जे लेझरचं पिस्तूल दिसतं, त्याचा वीजपुरवठा त्याच्या जाकिटात दडवलेला होता. पुढे अर्धवाहकाचा इवलासा डायोड आला आणि तोच लेझर बटणाच्या सेलवर चालू लागला. २०१०मध्ये स्मिथ अँड वेसन कंपनीने ‘बॉडीगार्ड ३८०’ हे खिशात मावणारं पिस्तूल कारखान्यातूनच लेझर बसवून बाजारात आणलं.

खिशातल्या पिस्तुलालाच लेझरची गरज का पडली, याचं उत्तर साध्या भूमितीत आहे. पिस्तुलावर नेम धरायला दोन खुणा असतात, एक मागे खाच असलेली आणि एक पुढे टोकाशी. त्या एका रेषेत आल्या की नेम जुळला. या दोन खुणांमध्ये जितकं अंतर जास्त, तितकी चूक कमी. स्पर्धेच्या एअर पिस्तुलात हे अंतर ३० सेंटिमीटरच्या आसपास असतं, खिशातल्या पिस्तुलात जेमतेम १०. पुढची खूण एक मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर स्पर्धेच्या पिस्तुलाची गोळी तीन-साडेतीन सेंटिमीटर चुकते, छोट्या पिस्तुलाची तब्बल १०. त्यात त्या खुणा इतक्या बारीक की चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना त्या नीट दिसतही नाहीत. लेझरने हा त्रास टळतो. डोळा थेट लक्ष्यावर ठेवायचा, खुणा जुळवत बसायचं नाही.

मुळात पिस्तूल हे लांबच्या माऱ्याचं शस्त्र नाहीच. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर ब्राउनिंग पिस्तुलातून गोळ्या झाडल्या, तेव्हाही अंतर काही पावलांचंच होतं.

लेझरची स्वतःचीही एक खोड आहे. तो नळीच्या वर किंवा खाली बसतो, त्यामुळे गोळी आणि ठिपका एकाच ठिकाणी पडतात ते एका ठरावीक अंतरावरच. समजा, लेझर नळीच्या अडीच सेंटिमीटर खाली आहे आणि तो १० मीटरसाठी जुळवला आहे. मग पाच मीटरवर गोळी ठिपक्याच्या सव्वा सेंटिमीटर वर लागणार आणि १० मीटरच्या पलीकडे ती ठिपक्याच्या खाली उतरत जाणार. हे रेंजवर कागदावर गोळ्या मारून तपासावं लागतं, दुकानात कळत नाही. शिवाय उन्हाचं काय? सुरतेच्या मे महिन्यात भर दुपारी उघड्या रेंजवर लाल ठिपका शोधूनही सापडायचा नाही. हिरवा थोडा बरा दिसतो, कारण माणसाचा डोळा दिवसा हिरव्या रंगाला सर्वांत जास्त दाद देतो. आणि दोन्ही रंग कुणाच्याही डोळ्यांवर रोखायचे नसतात, पिस्तूल रिकामं असलं तरीही.

पण खरी गंमत ठिपक्याच्या नाचण्यात आहे. माणसाचा हात कधीच पूर्ण स्थिर नसतो. सेकंदाला आठ ते बारा वेळा बारीक कंप पावणं हा त्याचा धर्मच आहे, वर श्वास आणि नाडीचे हेलकावे वेगळे. साध्या खुणांनी नेम धरताना हा कंप फारसा जाणवत नाही. लेझर लावला की तो समोरच्या कागदावर माशीसारखा भिरभिरताना दिसतो आणि नवखा घाबरतो. ठिपका मधोमध आला रे आला की तो चापाला हिसका देतो. उजव्या हाताने मारणाऱ्याची गोळी मग हमखास खाली डावीकडे जाते. हिसका न देता, ठिपका थोडा हलत असतानाच चाप हळूहळू दाबत राहिला असता, तर गोळी त्या थरथरीच्या परिघातच लागली असती. रेंजवरचे प्रशिक्षक वर्षानुवर्षं हेच सांगतात: हात हलू दे, बोट हलवू नकोस.

छोट्या पिस्तुलाला आणखी एक शाप आहे, धक्क्याचा. रिकामं असताना पावशेराच्या आसपास भरणारं पिस्तूल गोळी सुटताना हातात जोरात उसळतं. दोन-चार गोळ्यांत शरीर हे शिकतं आणि पुढच्या वेळी चाप सुटण्याआधीच मनगट खाली दाबून धरतं. यावर जुना उपाय आहे. दुसऱ्याने मॅगझिन भरून द्यायचं आणि त्यात अधूनमधून नकली काडतूस घालायचं. नकली काडतुसावर चाप ओढला की गोळी सुटत नाही, पण नळी खाली झुकलेली सगळ्यांना दिसते. तिथे बहाणा चालत नाही.

म्हणूनच लेझरचा सर्वांत चांगला उपयोग गोळी न झाडता होतो. पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा तपासायचं, भिंतीवर लहानशी खूण करायची, ठिपका तिच्यावर ठेवून चाप दाबायचा आणि त्या क्षणी ठिपका कुठे उडाला ते पाहायचं. (.२२च्या पिस्तुलावर हा सराव नकली काडतुसाशिवाय करू नये. आतली पिन नळीच्या कडेवर आपटते.) मोठे नेमबाज याच तत्त्वावर चालणारं ‘स्कॅट’ नावाचं यंत्र वापरतात. नळीला छोटा सेन्सर लावला की नेम कसा फिरला याची रेघ संगणकावर उमटते, आणि गोळी सुटण्याआधीच्या शेवटच्या क्षणातल्या हालचालीचा रंग वेगळा दिसतो. बहुतेक चुका त्याच तुकड्यात सापडतात.

स्पर्धेत मात्र लेझरला थारा नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पिस्तुलावर फक्त साध्या उघड्या खुणा चालतात. कोल्हापूरच्या राही सरनोबतचा २५ मीटर पिस्तुलाचा प्रकार घ्या. त्याच्या वेगवान टप्प्यात हात खाली ४५ अंशांत धरून उभं राहायचं. लक्ष्य तीन सेकंद खुलं होतं. तेवढ्यात एकाच हाताने पिस्तूल उचलायचं, खुणा जुळवायच्या आणि एकच गोळी मारायची. मग सात सेकंद थांबायचं, की पुन्हा तेच. २२ ऑगस्ट २०१८ रोजी पालेमबांगला आशियाई स्पर्धेच्या अंतिम फेरीत राही आणि थायलंडची नफास्वान यांगपायबून ३४-३४ अशा बरोबरीत होत्या. पहिल्या शूट-ऑफमध्येही बरोबरी झाली, दुसऱ्यात राही ३-२ अशी पुढे गेली. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. त्याआधी कोपराच्या दुखापतीने तिचा बराच काळ वाया गेला होता. ज्या हाताने तीन सेकंदांत पिस्तूल उचलायचं, तोच हात.

एका ऑलिंपिक खेळात मात्र लेझरच सर्वस्व आहे. मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये २०१२च्या लंडन ऑलिंपिकपासून छर्ऱ्याऐवजी प्रकाशाचा झोत सोडणारी पिस्तुलं वापरतात. काडतूस नाही, आवाज नाही, शिसं नाही.

आता कायद्याचं बोलू, कारण चित्रफितीत तो दिसत नाही. परदेशी पिस्तूल नव्याने मागवणं सामान्य भारतीयाला १९८०च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. सवलत आहे ती नामवंत नेमबाजांना. सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला येतं ते बहुधा आयुध निर्माणीचं .३२ बोअरचं ‘अशनी’ पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर. २०१४मध्ये कानपूरला महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे अर्धा किलोचं रिव्हॉल्व्हर निघालं. किंमत होती सव्वा लाखाच्या घरात. परवाना पोलीस आयुक्तालयातून मिळवायचा, त्याआधी शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र द्यायचं, आणि वर्षाला किती काडतुसं घेता येतील त्याची मर्यादा परवान्यावरच लिहिलेली असते. २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. त्याच दुरुस्तीने लग्नात-वरातीत हवेत गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. हिऱ्यांच्या आणि कापडाच्या शहरात पैसा घेऊन फिरणारा व्यापारी परवाना मागतो, हे समजण्यासारखं आहे. पण परवाना काढून पिस्तूल कपाटात ठेवायचं आणि रेंजचं तोंडही पाहायचं नाही, हा प्रकार पिस्तूल नसण्यापेक्षा धोक्याचा. लेझर लावल्याने तो धोका तसूभरही कमी होत नाही.

गोडादऱ्यातल्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला हा खेळ खरंच शिकायचा असेल, तर सुरुवात १० मीटर एअर पिस्तुलाने करावी. ४.५ मिलिमीटरच्या छर्ऱ्याच्या, २० जूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही, फक्त खरेदीच्या वेळी ओळख आणि पत्ता द्यावा लागतो. लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं. पिस्तूल लगेच विकत घेऊ नका. आधी प्रशिक्षक असलेल्या क्लबमध्ये काही महिने तिथल्याच पिस्तुलावर हात बसवा. आणि तिथे पहिल्याच दिवशी लेझर बसवून देण्याच्या गोष्टी कुणी करू लागला, तर दुसरा क्लब शोधा.