चोच उघडते तेव्हा

सुरतेच्या उधन्यातल्या आमच्या चाळीत वीजमीटरच्या पेटीमागे चिमणीचं घरटं आहे. सकाळी मादी चोचीत हिरवी अळी धरून येते. एरवी ती दाणे टिपणारी, पण पिल्लांना मात्र मुख्यतः मऊ किडे भरवते. ती काठावर टेकते न टेकते तोच पिवळ्या कडांच्या तीन-चार चोची आ वासतात. अळी एकीच्या घशात जाते आणि आई लगेच परत फिरते. दिवसभर हेच चाललेलं असतं. ‘आईची माया’ म्हणून आपण कामाला लागतो. पण त्या इवल्याशा डोक्यात ही माया उपजते कुठून? या प्रश्नामागे माणसं जवळजवळ शतकभर लागली आहेत आणि त्यातलं एक मोलाचं पाऊल आपल्या कोकणात पडलं.

1930 साली सालिम अली बर्लिनहून शिकून परतले होते. हाती नोकरी नव्हती. अलिबागजवळच्या किहीमला घराशेजारी सुगरणींची वसाहत होती. त्यांनी शिडीवर आडोसा केला आणि त्यात बसून पावसाळाभर निरीक्षण केलं. 1931 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा लेख आला. खोपा विणतो तो नर. अर्धा झाला की मादी येऊन आत शिरते, पारखते. पसंत पडला तर तिथंच राहते. ती अंड्यांवर बसली की नर नवा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. उबवणं सगळं तिचं, भरवणंही बहुतेक तिचंच.

सुरतेतल्या कितीतरी मराठी घरांचं मूळ खानदेशात आहे आणि बहिणाबाई चौधरींचं सुगरणीच्या खोप्याचं गाणं आम्हांला लहानपणापासून पाठ. त्यात विणणारीही मादीच आहे. विणकामाचा मान शास्त्राने नराला दिला, पण पिल्लांसाठी जीव टाकणारी ती मादीच, हे आसोद्याच्या त्या शेतकरीण बाईने अचूक हेरलं होतं.

वागणं दिसलं, पण त्यामागचं कारण डोक्यात दडलेलं होतं. त्याच सुमारास अमेरिकेत ऑस्कर रिडल आणि त्यांचे सहकारी कबुतरांवर काम करत होते. 1930 नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत त्यांनी पीयूषिका ग्रंथीतलं एक संप्रेरक वेगळं ओळखलं आणि त्याला प्रोलॅक्टिन नाव दिलं. 1935 मध्ये ते कोंबड्यांना टोचलं, तर त्या खुडूक बसल्या. आईपणाचा एक धागा रक्तातून वाहतो, हे तेव्हा कळलं.

पुढच्या काही दशकांत साखळी जुळत गेली. उबवणाऱ्या पक्ष्याच्या पोटावरची पिसं झडतात आणि उघड्या कातडीला अंड्याचा स्पर्श होतो. तो निरोप मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसकडे जातो. तिथून निघालेलं एक रसायन पीयूषिकेला जागं करतं, ती प्रोलॅक्टिन सोडते आणि ते मेंदूच्या ‘प्रीऑप्टिक’ भागावर काम करतं. पक्षी बसून राहतो. बसल्याने पुन्हा स्पर्श, स्पर्शाने पुन्हा प्रोलॅक्टिन. हे चक्र अंड्यानेच फिरतं ठेवलेलं असतं.

मग बापाचं काय? हेग्नर आणि विंगफील्ड यांनी 1987 मध्ये याचं उत्तर आपल्या ओळखीच्या घरचिमणीतच शोधलं. पिल्लं असताना नरांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन वाढवून ठेवलं, तर त्यांचं भरवणं घटलं. त्या संप्रेरकाचा परिणाम रोखणारं औषध दिलं, तर ते जास्त भरवू लागले. म्हणजे चांगला बाप व्हायला या संप्रेरकाने चेतवलेली नराच्या अंगातली भांडखोरी ओसरावी लागते.

गाणाऱ्या पक्ष्यांच्या मेंदूत थेट डोकावायला अलीकडे झेब्रा फिंच कामी आला. या छोट्या पक्ष्यात आई-बाप दोघंही पिल्लं सांभाळतात. 2014 मध्ये स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी दाखवलं, की घरटं बांधताना हालचालींच्या पेशींबरोबर सामाजिक वागण्याशी जोडलेले मेंदूचे भागही जागे होतात. 2018 मध्ये स्माइली आणि अॅडकिन्स-रीगन यांनी औषधाने प्रोलॅक्टिन उतरवलं, तेव्हा आई आणि बाप दोघांचंही पिल्लांकडे बघणं कमी झालं. कबुतर-कोंबड्यांत दिसलेला धागा इथंही सापडला.

हे सगळं वाचल्यावर मीटरच्या पेटीमागची चिमणी मला जास्तच जवळची वाटते. माया नुसती तिच्या आत साठवलेली नाही. ती अंड्याच्या स्पर्शातून आणि उघड्या चोचीतून रोज नव्याने जागी होते. म्हणूनच घरटं काढलं, की मेंदूतलं ते चक्रही थांबतं. अंडी नाहीशी झाली की पक्ष्याचं प्रोलॅक्टिन उतरू लागतं.

म्हणून एक विनंती. पावसाळ्यात सुगरणीचा खोपा दिवाणखान्यात टांगायला आणू नका. उसाच्या आणि भाताच्या पानांच्या पट्ट्यांनी विणलेल्या त्या झोक्यात तेव्हा अंडी असू शकतात. रंगकामासाठी किंवा वायरिंगसाठी चिमणीचं घरटं हलवायचं असेल, तर आधी आत बघा. पिल्लं असतील तर थोडं थांबा. चिमणीची पिल्लं साधारण पंधरा दिवसांत उडून जातात.