टवाळकी आहे, पण वय झालंय!

ब्लिंक-१८२चे फॅन असाल, तर हा वाद तुम्ही घातलाच असेल. २०२२मध्ये टॉम डिलाँग बँडमध्ये परतला, २०२३मध्ये ‘वन मोअर टाइम...’ हा अल्बम आला आणि फॅन्समध्ये दोन गट पडले. एक म्हणतो, १९९९च्या ‘एनिमा ऑफ द स्टेट’ची मजा यात नाही. दुसरा म्हणतो, पन्नाशीला टेकलेल्यांनी अजून शाळकरी जोकच मारायचे का? पण मधली वर्षं आठवा. ट्रॅव्हिस बार्कर २००८मध्ये विमान अपघातातून वाचला. मार्क हॉपसला २०२१मध्ये कॅन्सर झाला, त्यातून तो बरा झाला. नवं शीर्षकगीत त्याबद्दलच आहे. नाही आवडलं, तर बिनधास्त स्किप करा. फक्त कुणा जुन्या दोस्ताशी अबोला असेल, तर आजारपणाची वाट बघू नका. आजच फोन लावा.