खोळंब्याचे पंचांग हवे

नारायणगाव किंवा मंचरहून पुणे किती दूर, असे विचारल्यास तेथील नित्य प्रवासी अंतर सांगत नाही. 'चाकण मोकळे असेल तर' अशी अट घालून तो तासांचा हिशेब सांगतो. नारायणगाव, मंचर आणि खेड घाट येथे बाह्यवळण रस्ते झाले, तरी चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातील रांग कायम आहे.

प्रवास लांबतो, यापेक्षा तो किती लांबेल हे कळत नाही, हे खरे दुखणे होय. विलंब रोज सारखाच असता, तर माणूस तेवढा आधी निघाला असता. आज मात्र कचेरी गाठणारा कारकून, परीक्षेस निघालेला विद्यार्थी आणि टोमॅटोचा टेम्पो हाकणारा चालक, हे सारेच त्या अनिश्चिततेपायी दिवसाचा काही भाग गहाण ठेवतात.

ही अनिश्चितता सर्वस्वी अटळ आहे काय? रस्ता क्षमतेच्या काठावर आला की थोड्याशा जादा वाहनांनीही विलंब झपाट्याने वाढतो. जपानी संशोधकांच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार मार्गावर २२ मोटारी सोडल्या असता कोणताही अडथळा नसताना कोंडी उद्भवली. सारांश, कोंडीचा नेमका क्षण सांगणे कठीण आहे. पण तिचे दिवस आणि प्रहर सांगता येतात. कारखान्यांच्या पाळ्या ठरलेल्या आहेत. भीमाशंकरचे श्रावणी सोमवार, ओझर-लेण्याद्रीच्या चतुर्थ्या, शिवनेरीवरील शिवजयंती यांच्या तिथी-तारखा वर्षभर आधी ठाऊक असतात.

मोबाइलवरील नकाशा रांग दाखवितो, हे खरे. परंतु तो सर्वांना एकच आडवाट सुचवू लागला की तीही तुंबते, आणि एस.टी.च्या प्रवाशाला आडवाट निवडण्याची मुभाच नसते.

नाशिक फाटा ते खेड या ३० किलोमीटरच्या आठपदरी उन्नत मार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. तथापि, नवा रस्ता झाला तरी अंदाजाची गरज संपत नाही. महामार्ग प्राधिकरण, वाहतूक पोलीस व एस.टी. महामंडळ यांनी मिळून आठवड्याचा अंदाज स्थानकांच्या फलकांवर लावावा. त्यात सरासरी वेळ नको. दहांपैकी नऊ दिवस किती वेळात पोहोचता येईल, ते सांगावे. त्याच आधारे कारखान्यांच्या पाळ्या मागेपुढे कराव्यात. पावसाचा अंदाज आपण ऐकतो, पण पाऊस थांबवू शकत नाही. वाहनांची गर्दी मात्र माणसांनीच केलेली असते. तिचा अंदाज आधी कळला, तर ती पांगविताही येते.