ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे

वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघे येथील एका कास्तकाराच्या घरी वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट होती. ती त्यांनी एका दुकानातून पेनड्राइव्हवर उतरवून आणली. वरात ठीक दिसली. मंगलाष्टकांत थोडी गडबड जाणवली. पाठवणीच्या वेळी आजोबा नातीला दोन शब्द सांगतात, तेथे मात्र आवाज आधी येऊन गेला आणि ओठ मागून हलले. आजोबांचे शब्द भलत्याच पाहुण्याच्या तोंडी पडले. आजोबा आता नाहीत. त्यांचा आवाज त्या घरात एवढाच उरला आहे. दुकानदाराने सांगितले होते, 'आता कॅसेट टाकून द्या.' सूनबाईंनी ती टाकली नाही, हे फार चांगले केले.

बंधू-भगिनींनो, हा दोष बहुतेक वेळा दुरुस्त होतो. पण आधी तो समजून घेतला पाहिजे.

चित्रपटात चित्र आणि आवाज या दोन वेगळ्या वस्तू असतात. एका जुवाखाली दोन बैल जुंपावेत तसे ते बरोबर चालवावे लागतात. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'ला ही अडचणच नव्हती, कारण तो मूकपट होता. तीच कथा १९३२ साली प्रभात कंपनीने 'अयोध्येचा राजा' या नावाने बोलपटात आणली, तेव्हा ओठ आणि शब्द जुळवणे आले. चित्रीकरणापूर्वी पाटीची फळी 'टप्' अशी आपटतात ती याचसाठी. फळी मिटलेली दिसते ते चित्र आणि 'टप्' हा आवाज एकावर एक बसवला की पुढचे सारे जुळते. पूर्वी खेडोपाडी १६ मिलिमीटरच्या फितीवर बोलपट दाखवीत. त्या फितीवर आवाजाची पट्टी आपल्या चित्राच्या २६ चौकटी पुढे असे. यंत्रात फितीचा झोल कमी-जास्त पडला की पडद्यावरचा नट मुका होऊन मग बोलू लागे!

दूरच्या धुऱ्यावर कोणी कुऱ्हाड चालवीत असेल तर घाव आधी दिसतो, आवाज मागून येतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून हे घडते. त्यामुळे आवाज किंचित मागे राहिला तर आपल्याला तितकेसे खटकत नाही. पुढे पळाला तर मात्र लगेच खटकते, कारण निसर्गात तसे कधी होतच नाही.

आता परीक्षा. फाइल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशी तीन ठिकाणी पाहा. बोलणाऱ्याचा चेहरा स्पष्ट दिसेल अशी जागा निवडा. तिन्ही ठिकाणी फरक सारखाच असेल तर दुखणे हलके आहे. संगणकावर व्हीएलसी या मोफत कार्यक्रमात फाइल लावा. आवाज पुढे पळत असेल तर 'के' ही कळ दाबा. प्रत्येक दाबेस तो ५० मिलिसेकंद मागे सरकतो. मागे राहत असेल तर 'जे' दाबा. मात्र ही दुरुस्ती पाहण्यापुरती असते, फाइल आहे तशीच राहते. आणि हो, बिनतारी ब्लूटूथ स्पीकर जोडला असेल तर आधी तो काढून पाहा. पुष्कळदा उशीर त्याचाच असतो आणि दोष फाइलला लागतो.

फरक सुरुवातीला नाही आणि पुढे पुढे वाढत जातो, असे असेल तर दोघांची चाल वेगळी आहे. चित्रपटाची फीत सेकंदाला २४ चौकटी चालते, आपल्याकडची दूरदर्शनची पद्धत २५ चौकटींची. २४ ची फीत २५ ने चालवली तर तासाचे चित्र ५७ मिनिटे ३६ सेकंदांत संपते. आवाज मात्र तासभरच राहिला तर अंतर २ मिनिटे २४ सेकंदांचे! हा फरक समप्रमाणात वाढतो, म्हणून इलाजही हिशेबाचा आहे. ऑडॅसिटी या मोफत कार्यक्रमात आवाजाची लांबी चित्राच्या लांबीइतकी करता येते. सूर न बदलता लांबी बदलणारी सोय निवडावी, नाहीतर आजोबांचा आवाज नातवासारखा वाटेल.

मोबाइलवर काढलेल्या चित्रणाची तऱ्हा आणखी निराळी. उजेड कमी झाला की मोबाइल चौकटी कमी घेतो, म्हणजे चाल सतत बदलते. अशी फाइल रूपांतरित करताना हँडब्रेक या कार्यक्रमात 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडावे. पुढच्या लग्नात चित्रण सुरू होताच आणि बंद करण्यापूर्वी कॅमेऱ्यासमोर एकेक टाळी वाजवून ठेवा. नंतर जुळवणाऱ्याला दोन खुणा मिळतात.

पिपरी मेघेच्या त्या घरचे दुखणे यांहून वाईट होते. फरक कधी एकदम वाढे, कधी तसाच राही. जुनी फीत झिजलेली असली की उतरवताना काही चौकटी गळतात. आवाज मात्र न थांबता पुढे जातो. येथे एक आकडा घालून भागत नाही. फाइलचे तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळा जुळवावा लागतो, किंवा यंत्राची मुंडी साफ करून कॅसेट पुन्हा उतरवावी लागते. पुन्हा उतरवणेच मला अधिक पसंत आहे. तिथे कॅसेट जपलेली होती, म्हणून तो मार्ग मोकळा राहिला.

कॅसेट चालवणारी यंत्रे आता दुर्मिळ होत आहेत. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली त्यांचे उत्पादन थांबवले. तेव्हा घरात कॅसेट असेल तर हे काम पुढच्या उन्हाळ्यावर टाकू नका. तोवर ती पूर्ण गुंडाळून, उभी, कोरड्या जागी ठेवा. पावसाळ्यात फितीला बुरशी धरते. स्पीकरजवळ ठेवू नका, त्यात लोहचुंबक असतो. दुकानातून फाइल घेताना तेथेच तीन ठिकाणी पाहून घ्या, शेवटच्या पाच मिनिटांत एखादा बोलणारा चेहरा अवश्य पाहा, आणि कॅसेट मागून घरी आणा.