पिल्लाचे अंथरूण

घरात कुत्र्याचे पिल्लू आणावयाचे ठरले म्हणजे त्याचे नाव काय ठेवावे, त्याला खावयास काय द्यावे, पट्टा कोणत्या रंगाचा घ्यावा, यांविषयी घरातील लहानथोरांची चर्चा आठवडाभर चालते. परंतु ते निजणार कोठे आणि कशावर, हा प्रश्न बहुधा ते दारात दाखल झाल्यानंतर, रात्री दिवे मालवण्याच्या वेळी उपस्थित होतो, आणि मग हाताला लागेल ते गोणपाट जिन्याखाली टाकून त्याची कशीबशी तजवीज लावली जाते. वस्तुतः दोन-अडीच महिन्यांचे पिल्लू दिवसाच्या २४ तासांपैकी १८ ते २० तास निद्रेत घालविते. ज्या घराशी त्याचा जन्माचा ऋणानुबंध जुळावयाचा, त्या घराचा सर्वाधिक सहवास त्याला अंथरुणाच्या रूपानेच घडतो. आणि त्याचे आरोग्य, त्याची स्वच्छतेची सवय व त्याच्या मनाची निर्धास्तता या तिन्हींचा पाया तेथेच घातला जातो, असे माझे स्पष्ट मत आहे.

पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे डोळे व कान बंद असतात, आणि स्वतःच्या देहाची ऊब राखण्याची शक्तीही त्याच्या ठायी नसते; ती ऊब त्याला आईच्या कुशीतून आणि अंगाला अंग लावून पडलेल्या भावंडांकडून मिळते. दहा ते चौदा दिवसांनी डोळे उघडतात, पण तोवर आणि त्यानंतरही त्याचे जग मुख्यतः गंधाचे असते. व्यालेल्या कुत्रीच्या स्तनांमधील त्वचेतून प्रसूतीनंतर थोड्याच दिवसांत एक द्रव्य स्रवू लागते आणि त्याच्या गंधाने पिल्ले शांत होतात, असे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. अशा सहवासातून पिल्लाला आठ आठवड्यांच्या आत तोडू नये, हा जाणत्यांचा दंडक आहेच. आपल्या देशात २०१७ साली झालेल्या श्वानपैदास व विक्रीविषयक नियमांनीही त्याहून लहान पिल्लाच्या विक्रीस मनाई केली आहे. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकन संशोधकांनी श्वानांच्या वर्तनावर दीर्घकाळ प्रयोग करून १९६५ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याच्या काळाला त्यांनी विशेष महत्त्व दिले, कारण या अवधीत पिल्लाचे स्नेहबंध जुळतात. आणि याच अवधीच्या मध्यावर आपण त्याला उचलून परक्या घरी आणीत असतो. पहिल्या रात्रीचे ते केविलवाणे रडणे म्हणजे हट्ट नव्हे, हे एवढ्यावरून ध्यानी यावे.

म्हणून पिल्लू आणावयास जाताना घरातील एखादा जुना सुती पंचा बरोबर न्यावा, तो त्याच्या आईच्या व भावंडांच्या अंगावरून फिरवून घ्यावा आणि नव्या अंथरुणावर वरच्या बाजूस घालावा; पहिले काही दिवस तो मुळीच धुऊ नये. रात्री गारठा असेल तर कोमट पाण्याची पिशवी फडक्यात नीट गुंडाळून अंथरुणाच्या एका कडेला ठेवावी, म्हणजे हवीशी वाटल्यास पिल्लाला तिच्याजवळ जाता येईल आणि नकोशी झाल्यास दूर सरता येईल. अंथरुणाची जागा आरंभीचे काही आठवडे माणसांच्या निजण्याच्या खोलीत असावी. गच्ची, सज्जा किंवा मागील दाराची पडवी या जागा इतक्या कोवळ्या वयाच्या जीवाला योग्य नव्हेत.

आता अंथरूण कशाचे असावे? बाजारात मखमली गाद्या मिळतात, त्यांवर हाडकाची चित्रे असतात, कडेने झालर असते. त्या दिसावयास सुरेख, परंतु पिल्लाच्या दृष्टीने त्यांतील बऱ्याचशा निरुपयोगी आणि काही तर घातक असतात. पिल्लू निजावयास येते तेव्हा काय करते, ते एकदा जवळ बसून पाहावे. प्रथम ते अंथरूण हुंगते, मग पुढच्या पंजांनी ते खरवडते, स्वतःभोवती दोनतीन गिरक्या घेते, कापडाचा एखादा चुणीदार भाग तोंडात धरून ओढते आणि अखेरीस नाक कडेच्या घडीखाली खुपसून अंग टाकते. या सर्व क्रियांत दात आणि नखे यांचा कापडाशी अखंड संबंध येतो. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पडू लागतात आणि सहासात महिन्यांपर्यंत त्यांच्या जागी ४२ कायमचे दात येतात. त्या काळात हिरड्या शिवशिवत असल्यामुळे दिसेल ते चावणे त्याला भागच असते. गादीची झालर, बटण, चेन किंवा फाटलेल्या शिवणीतून बाहेर आलेला फोमचा तुकडा पोटात गेला तर आतडे तुंबते, आणि लांब दोरा गेला तर आतडे त्यावर चुणत जाऊन चिरण्याचाही धोका असतो. अशा वेळी शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर उरत नाही.

या कसोटीला आपली जुनी गोधडी उत्तम उतरते. वापरून मऊ झालेली सुती लुगडी व धोतरे थरावर थर ठेवून, धावदोऱ्याच्या बारीक टाक्यांनी शिवलेली ही वाकळ शहाबादी फरशीचा गारवा अडविते, अंगाखाली सरकत नाही, धुता येते, आणि घरातील माणसांचा वास तिला आधीपासूनच असतो. मात्र ती ट्रंकेतून काढून लगेच अंथरू नये. ट्रंकेत कपड्यांबरोबर ठेवलेल्या डांबराच्या गोळ्या कुत्र्याला विषारी असतात. घड्यांत राहिलेली एखादी गोळी पिल्लाने गिळली तर प्राणावर बेतते. गोधडी झटकून, धुऊन, दोन दिवस उन्हात टाकून तिचा तो उग्र दर्प पुरता गेल्यावरच वापरावी, आणि एखादा टाका उसवलेला दिसताच तो त्याच दिवशी घालावा.

अंथरूण केवढे असावे, याविषयी बहुतेकांचा समज उलटा असतो. पिल्लू वाढणार म्हणून मोठे अंथरूण घेतले जाते. पण पिल्लू तीन आठवड्यांचे झाल्यापासून निजण्याची जागा सोडून बाजूस जाऊन लघवी करण्याचा प्रयत्न करते, आणि जागा अवाजवी मोठी असली की एक कोपरा निजण्याचा व दुसरा लघवीचा, अशी वाटणी ते स्वतःच मुक्रर करून टाकते. कुशीवर पडून चारी पाय ताणता येतील एवढीच जागा पुरे; वाढीबरोबर घडी उलगडीत जावी. रात्रीतून एकदोनदा त्याला बाहेर नेणे अर्थातच ओघाने आले.

खरी मेहनत आहे ती निगा राखण्याची, आणि तेथेच हयगय होते. पिल्लाच्या अंगावर दिसणारी पिसू ही एकंदर पिसवांचा अगदी अल्प अंश असते. एक मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालू शकते, ती अंगावरून ओघळून अंथरुणात पडतात, आणि तेथेच अळ्या व कोश तयार होतात. कोशातील पिसू अनुकूल काळाची वाट पाहत महिनोन्महिने दडून राहू शकते. म्हणून पिल्लाला औषध लावून अंथरूण तसेच ठेवणे व्यर्थ होय. आठवड्यातून एकदा गोधडी चारी कडांनी आत दुमडून, न झटकता उचलावी, म्हणजे अंडी घरभर सांडणार नाहीत. मग निदान ६० अंश सेल्सियसच्या कढत पाण्यात ती धुवावी आणि कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवावी. गोचिडी तर अंथरुणातच राहतात असे नाही. त्यांची मादी भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते, आणि गोचीड तापाने पिल्लू फार लवकर खालावते, तेव्हा अंथरुणामागची भिंत व फरशीच्या सांधीही झाडून काढाव्यात. फिनेल अंथरुणावर मुळीच शिंपडू नये. पिल्लू पंजे चाटते आणि ते पोटात जाते.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, जाड गोधडी आतून ओलसर राहते आणि कुबट वास धरते. अशा दिवसांत एका गोधडीऐवजी जुन्या चादरींच्या चारपाच घड्या अंथराव्यात; त्या सुट्या वाळतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात मात्र अंथरुणाच्या शेजारी उघडी फरशी राखून ठेवावी, कारण कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. कारवानी जातीच्या कृश, तुरळक केसांच्या पिल्लांना हाडे टेकत असल्यामुळे चार घड्या अधिक लागतात.

एका बाबतीत कसलीही सवलत घेऊ नये. १९७८ साली जगभर पसरलेल्या पार्व्हो विषाणूने आजही असंख्य पिल्ले दगावतात, आणि तो विषाणू साबणाला दाद न देता घरात कित्येक महिने टिकतो. पूर्वीचे पिल्लू रक्ताच्या जुलाबांनी गेले असेल तर त्याचे अंथरूण जाळून टाकावे, फरशी एक भाग ब्लीच व तीस भाग पाणी यांच्या मिश्रणाने धुऊन दहा मिनिटे ओली राहू द्यावी, आणि नवे पिल्लू लसीकरण पुरे झाल्यावाचून त्या घरात आणू नये. कोणी प्रेमाने देऊ केलेले जुने अंथरूणही त्या घरचा इतिहास विचारल्याशिवाय घेऊ नये.

आपल्या गल्लीतल्या कुत्र्या बहुधा हिवाळ्याच्या सुमारास वितात, आणि त्यांची पिल्ले उघड्यावरच्या थंडीत फार मरतात. ज्यांच्या घरात पिल्लाचे अंथरूण घातले गेले आहे, त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी या दिवसांत जिन्याखाली किंवा वळचणीला एक खोके आडवे ठेवून त्यात कोरडा पेंढा भरावा. उघड्यावर कापड ओल धरून ठेवते, म्हणून पेंढाच घालावा, आणि तो ओला झाला की बदलावा.