शिकायला येणाऱ्यांचे धारगळ

गोव्याची मुले परदेशी शिकायला जातात, हे आता नवे नाही. धारगळला उलटी वाट दिसते : परदेशी मुले तिथे आयुर्वेद शिकायला येतात, आणि या वाटेचे मोल मला अधिक वाटते.

संस्था : दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे गोव्यातील केंद्र, पेडणे तालुक्यातल्या धारगळला. उद्घाटन ११ डिसेंबर २०२२.

मुदत : परदेशात एक सत्र काढणे वेगळे. बीएएमएस ही आयुर्वेदाची पदवी म्हणजे साडेचार वर्षे अभ्यास आणि वर्षभर इंटर्नशिप.

भाषा : पहिल्याच वर्षी संस्कृत. पण ओपीडीत बसलेली पेडण्याची आजी संस्कृत बोलत नाही. ‘खंय दुखता?’ (कुठे दुखते?) एवढे कोकणी तरी यायलाच हवे; रुग्णाचा विश्वास तिथूनच सुरू होतो.

शिष्यवृत्ती : भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद परदेशी विद्यार्थ्यांना आयुषची शिष्यवृत्ती देते.

नोंदणी : १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आल्यास १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद करावी लागते.

बाहेरची वाट : नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या मूळ संस्थेने ऑस्ट्रेलियातील वेस्टर्न सिडनी विद्यापीठाशी आयुर्वेद अध्यासनाचा करार केला.